साखळी कप्पी

साखळी कप्पी हे जड वस्तू हाताच्या बळावर उभ्या रेषेत वर उचलण्याचे, हव्या त्या उंचीवर धरून ठेवण्याचे आणि नियंत्रित रीतीने खाली उतरवण्याचे यंत्र आहे. कारखाने, गॅरेज आणि बांधकामाच्या जागी ते चेन पुली, चेन कप्पी किंवा चेन ब्लॉक या नावांनी ओळखले जाते. भारतीय मानकात त्याचा उल्लेख चेन पुली ब्लॉक असा येतो. या यंत्रास वीज, इंधन किंवा दाबाखालील तेल लागत नाही. एक माणूस हातसाखळी ओढतो आणि त्याने लावलेले बल दंतचक्रांमधून कित्येक पटींनी वाढून भारसाखळीपर्यंत पोहोचते. अर्ध्या टनापासून वीस टनांपर्यंतच्या क्षमतेची अशी यंत्रे सर्वत्र वापरात आहेत.

भार उचलणे हे या यंत्राचे निम्मेच काम होय. साध्या कप्पीने किंवा रहाटानेही भार उचलता येतो. परंतु ओढणाऱ्याचा हात सुटला की भार खाली कोसळतो. साखळी कप्पीत हात सुटला तरी भार जागच्या जागी राहतो आणि मुद्दाम उलट दिशेने साखळी ओढल्याखेरीज खाली येत नाही. हा गुण कसा साधला जातो, हेच या यंत्राच्या रचनेचे आणि इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

## पार्श्वभूमी

दोर आणि कप्पी यांचा उपयोग फार प्राचीन आहे. अलेक्झांड्रियाचा हेरॉन याने साध्या यंत्रांमध्ये तरफ, पाचर, मळसूत्र, आसासह चाक आणि कप्पी यांची गणना केली आहे. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हित्रुव्हियस याने आपल्या वास्तुशास्त्रविषयक ग्रंथाच्या दहाव्या भागात तीन आणि पाच कप्प्यांच्या उचल-यंत्रांचे वर्णन केले आहे. अनेक कप्प्यांतून एकच दोर फिरवला असता भार दोराच्या अनेक पदरांवर विभागला जातो. आदर्श स्थितीत पाच पदरांवर तोललेला भार त्याच्या एक-पंचमांश बलाने उचलता येतो. मात्र भार एक मीटर वर जाण्यासाठी पाच मीटर दोर ओढावा लागतो.

या योजनेत दोन उणिवा राहतात. पहिली अशी की, कप्प्यांची संख्या वाढेल तसे घर्षण वाढते आणि प्रत्येक नव्या कप्पीपासून मिळणारा लाभ कमी होत जातो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दोर सतत धरून ठेवावा लागतो किंवा खुंटाला बांधावा लागतो. अर्ध्यावर अडकलेला भार, थकलेला हात आणि निसरडा दोर हे तीन घटक एकत्र आले की अपघात घडतो. विहिरीवरील रहाटाच्या बाबतीत हाच अनुभव येतो: रहाटाचा दांडा सुटताच भरलेले भांडे वेगाने विहिरीत परत जाते आणि उलट फिरणारा दांडा जवळच्या माणसाला इजा करू शकतो.

## विभेदी कप्पी

साखळी कप्पीचा आद्य प्रकार म्हणजे विभेदी कप्पी. तिची कल्पना ‘चिनी रहाट’ या नावाने पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेल्या यंत्रावरून पुढे आली. या रहाटाच्या रुळाचे दोन भाग असतात; एकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. रूळ फिरवला की मोठ्या भागावर दोर गुंडाळला जातो आणि त्याच वेळी लहान भागावरून सुटतो. खाली लोंबणाऱ्या फिरत्या कप्पीस या दोन्हींतील फरकाच्या निम्म्यानेच वर यावे लागते. व्यासांमधील फरक जितका कमी, तितका यांत्रिक फायदा अधिक.

तथापि या रहाटास दोर फार लागतो. मोठ्या व लहान भागांच्या त्रिज्यांचे प्रमाण १२ : ११ असेल, तर भार केवळ ३ मीटर वर नेण्यासाठी मोठ्या भागावर ७२ मीटर दोर गुंडाळावा लागेल, आणि तेवढ्यातच लहान भागावरून ६६ मीटर दोर सुटेल. एवढा दोर मावेल असा रूळ बनवणे व्यवहार्य नव्हते.

इंग्लंडमधील थॉमस ॲल्ड्रिज वेस्टन याने १९व्या शतकाच्या मध्यास ही अडचण दूर केली. त्याने रुळाच्या जागी एकमेकांस जोडलेली, किंचित असमान व्यासांची दोन चाके घेतली आणि दोराच्या जागी टोके नसलेली अखंड साखळी वापरली. मोठ्या चाकावरून उतरलेला साखळीचा भाग सैल वेटोळ्यातून पुन्हा लहान चाकाकडे जातो, त्यामुळे काहीच गुंडाळून ठेवावे लागत नाही. चाकांच्या कडेला साखळीच्या कड्या बसतील अशा खाचा असल्याने साखळी घसरत नाही.

या कप्पीचे उत्पादन बर्मिंगहॅम येथील टँगी बंधूंनी हाती घेतले. १८५८ च्या जानेवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे महाकाय जहाज पाण्यात ढकलण्यासाठी त्यांचे जलदाबचलित जॅक वापरले गेल्याने त्यांचे नाव आधीच प्रसिद्ध झाले होते. साखळी खाचांतून विनासायास सुटून बाहेर यावी, ही या कप्पीच्या निर्मितीतील अवघड बाब होती. नेमक्या मापाच्या कड्यांची साखळी आणि साखळीला वाट दाखवणारे मार्गदर्शक यांच्या साहाय्याने टँगी बंधूंनी ती सोडवली. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात या कप्पीस पदक मिळाले. वेस्टनपूर्वीच अशी कप्पी वापरात होती असा दावा पुढे न्यायालयात करण्यात आला. परंतु न्यायाधीश विल्यम पेज वुड यांनी टँगी बंधूंच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर अमेरिकेतील येल या कुलूप-उत्पादक कंपनीने वेस्टनच्या कप्पीचे हक्क घेतले आणि साखळी कप्पीचा प्रसार अमेरिकेतही झाला.

विभेदी कप्पीचा वेगगुणोत्तर पुढील सूत्राने मिळतो:

वेगगुणोत्तर = २ × मोठ्या चाकाच्या खाचा ÷ (मोठ्या चाकाच्या खाचा − लहान चाकाच्या खाचा)

मोठ्या चाकास १२ आणि लहान चाकास ११ खाचा असतील, तर वेगगुणोत्तर २४ येते. घर्षण नसते तर ५०० किलोग्रॅमचा भार सुमारे २१ किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीने उचलता आला असता. प्रत्यक्षात कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास ही ओढ सुमारे ५२ किलोग्रॅम वजनाइतकी होते.

## घर्षण आणि स्वयंरोध

वरील उदाहरणात ओढणाऱ्याच्या श्रमांपैकी ६० टक्के भाग घर्षणात खर्च होतो. सामान्यतः अशा यंत्रास निकृष्ट म्हटले जाते; परंतु विभेदी कप्पीची सुरक्षितता याच घर्षणावर अवलंबून असते.

समजा, भार ठरावीक अंतर वर नेताना १०० ज्यूल कार्य केले गेले आणि त्यांतील ४० ज्यूल भारास मिळाले, तर ६० ज्यूल घर्षणात गेले. आता हात सोडला असता तोच भार तेवढेच अंतर खाली येण्यास निघाला, तर तो यंत्रास फक्त ४० ज्यूल देऊ शकतो. उलट फिरतानाही घर्षणासाठी सुमारे ६० ज्यूल लागत असतील, तर भाराकडे ते नसतात. म्हणून तो हलत नाही. यावरून असा नियम निघतो की, दोन्ही दिशांतील घर्षण सारखे मानल्यास ज्या उचल-यंत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असते, ते भाराच्या ओढीने उलट फिरत नाही. या गुणास स्वयंरोध म्हणतात. मळसूत्री जॅक जागच्या जागी थांबतो तोही याच कारणाने.

अशा रचनेत सुरक्षिततेची किंमत प्रत्येक वेळी श्रमांच्या रूपाने मोजावी लागते. भार उतरवतानाही माणसाला साखळी ओढावी लागते. शिवाय घर्षण ही स्थिर राशी नव्हे. साखळीला अनाठायी तेल लागले, पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाले किंवा यंत्रास सतत हादरे बसत राहिले, तर घर्षण घटते आणि स्वयंरोधाचा आधार कमकुवत होतो. म्हणून घर्षण सर्व यंत्रभर पसरू देण्याऐवजी ते एकाच ठिकाणी, हवे तेव्हाच आणि भाराच्या प्रमाणात निर्माण करणे हे पुढील सुधारणेचे उद्दिष्ट ठरले.

## दंतचक्री साखळी कप्पी

आज प्रचारात असलेल्या बहुतेक साखळी कप्प्या दंतचक्री प्रकारच्या आहेत. त्यांचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे असतात.

- वरचा आकडा: यंत्र तुळई, फिरती ट्रॉली किंवा तिपाई यांवर टांगण्यासाठी.
- हातचाक आणि हातसाखळी: हातचाकाच्या खाचांत बसणारी, टोके नसलेली अखंड साखळी ओढून चाक फिरवले जाते.
- मुख्य दांडा: हातचाकाची गती यंत्राच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या दंतचक्रांकडे नेतो.
- दंतचक्रे: मुख्य दांड्याच्या टोकावरील लहान दंतचक्र दोन बाजूंच्या मोठ्या दंतचक्रांना फिरवते. त्यांच्याबरोबर फिरणारी लहान दंतचक्रे मधल्या चक्राला गती देतात. प्रत्येक टप्प्यावर वेग कमी होतो आणि परिबल वाढते.
- भारचाक: मध्यभागी असलेले खाचांचे चाक. त्याच्या एका आड एक खाचांत भारसाखळीच्या कड्या आडव्या व उभ्या बसतात.
- भारसाखळी आणि खालचा आकडा: भार याच आकड्यास लावला जातो. आकड्याच्या तोंडावर स्प्रिंगची पट्टी असते.
- भार-ब्रेक: हातचाक आणि मुख्य दांडा यांच्यामध्ये बसवलेली रोधक यंत्रणा.

बेअरिंगवर फिरणारी सरळ दातांची चक्रे असल्याने या यंत्राची कार्यक्षमता विभेदी कप्पीपेक्षा पुष्कळच अधिक असते. परंतु याच कारणाने त्यात नैसर्गिक स्वयंरोध उरत नाही. ब्रेक नसता तर भार दंतचक्रांना उलट फिरवत खाली आला असता. त्यामुळे भार-ब्रेक हा या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

## भार-ब्रेकचे कार्य

प्रचलित भार-ब्रेक ‘वेस्टन प्रकारचा ब्रेक’ या नावाने ओळखला जातो. मुख्य दांड्यावर एक चकती पक्की बसवलेली असते. तिच्यापुढे घर्षण-चकती, दातेरी चाक आणि पुन्हा घर्षण-चकती अशी रचना असते. हे दातेरी चाक दांड्यावर मोकळे फिरू शकते. मात्र कवचावर बसवलेली स्प्रिंगची खिटी त्याला एकाच दिशेने फिरू देते. या सर्वांच्या बाहेर हातचाक असते आणि ते दांड्यावर आट्यांनी, म्हणजे नट बोल्टवर चढावा तसे, बसवलेले असते.

उचलताना. हातसाखळी उचलण्याच्या दिशेने ओढली की हातचाक आट्यांवरून आत सरकते आणि घर्षण-चकत्या व दातेरी चाक यांना पक्क्या चकतीवर दाबते. सर्व भाग एकत्र आवळले जाऊन दांड्यासह फिरू लागतात. खिटी दातांवरून उड्या घेत जाते; उचलताना ऐकू येणारा ‘टकटक’ आवाज तिचाच असतो.

थांबल्यावर. साखळी सोडली की भार दांड्याला उलट दिशेने फिरवू पाहतो. या प्रयत्नामुळेच दांड्याचे आटे हातचाकाला आणखी आत खेचतात आणि चकत्या अधिक घट्ट दाबल्या जातात. दातेरी चाक खिटीने अडवलेले असल्याने मागे फिरू शकत नाही. त्याला आवळलेला दांडाही फिरू शकत नाही. भार जितका अधिक, तितकी चकत्यांवरील पकड अधिक. थोडक्यात, भार स्वतःच स्वतःला रोखून धरतो.

उतरवताना. हातसाखळी विरुद्ध दिशेने ओढली की हातचाक आट्यांवरून किंचित बाहेर येते, चकत्यांवरील दाब घटतो आणि भार खाली सरकू लागतो. परंतु भार खाली सरकला की दांडा फिरतो आणि आटे पुन्हा आवळले जातात. त्यामुळे साखळी जेवढी ओढावी तेवढाच भार उतरतो. ओढणे थांबवले की तोही थांबतो. या वेळी दातेरी चाक स्थिर असल्याने खिटीचा आवाज होत नाही.

उतरवताना भाराची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्येच खर्च होते. १ टन भार ३ मीटर खाली आणल्यास सुमारे २९,४०० ज्यूल ऊर्जा मुक्त होते. म्हणून जड भार मोठ्या उंचीवरून न थांबता वेगाने उतरवणे टाळावे लागते; अतिरिक्त उष्णतेने घर्षण-चकत्यांची पकड कमी होऊ शकते.

उचलण्यासाठी लागणारे घर्षण कमी आणि धरून ठेवण्यासाठी लागणारे घर्षण पुरेसे, या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गरजा या ब्रेकमुळे एकाच यंत्रात पूर्ण होतात.

## बल, अंतर आणि वेळ

कोणतेही साधे यंत्र कार्य वाचवत नाही; ते बल आणि अंतर यांची अदलाबदल करते. उदाहरणादाखल, वेगगुणोत्तर ४० आणि कार्यक्षमता ८० टक्के असलेल्या साखळी कप्पीने १ टन भार १ मीटर उचलायचा आहे असे मानू.

- भारास मिळणारे कार्य: सुमारे ९,८१० ज्यूल.
- माणसाने करावयाचे कार्य: सुमारे १२,२६० ज्यूल.
- ओढावी लागणारी हातसाखळी: ४० मीटर.
- हातसाखळीवरील ओढ: सुमारे ३०७ न्यूटन, म्हणजे सुमारे ३१ किलोग्रॅम वजनाइतकी.

माणूस काही वेळ सलगपणे ७५ वॅट शक्तीने काम करू शकतो असे धरले, तर या कामास सुमारे पावणेतीन मिनिटे लागतील. हा संथपणा यंत्राची मर्यादा असला तरी त्याचा लाभही आहे. हातसाखळी एक सेंटिमीटर ओढली असता भार पाव मिलिमीटरच हलतो. यंत्राचा भाग नेमक्या जागी बसवताना, बोल्टची छिद्रे जुळवताना किंवा जड साचा उतरवताना एवढे सूक्ष्म नियंत्रण उपयोगी पडते. याशिवाय भार कशाला अडकला तर हातसाखळीवरील वाढलेली ओढ माणसाच्या हाताला तत्काळ जाणवते.

## प्रकार

विभेदी साखळी कप्पी. रचना सोपी आणि किंमत कमी. परंतु श्रम अधिक. हलक्या व क्वचित होणाऱ्या कामांसाठी योग्य.

मळसूत्री दंतचक्राची साखळी कप्पी. हातचाक मळसूत्रास फिरवते आणि मळसूत्र त्याला जुळणाऱ्या दंतचक्रास फिरवते. एकाच टप्प्यात मोठे वेगगुणोत्तर मिळते आणि आट्यांचा कल कमी असल्यास स्वयंरोधही साधतो. घर्षणामुळे कार्यक्षमता मात्र कमी राहते.

सरळ दंतचक्राची साखळी कप्पी. भार-ब्रेकसह येणारा आणि सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार.

तरफेची साखळी कप्पी. यात हातसाखळीऐवजी मागेपुढे हलवायचा दांडा असतो. ती उभ्या, आडव्या आणि तिरक्या अशा सर्व दिशांत ओढू शकते. त्यामुळे जोडकाम, तारा ताणणे व भार बांधून ठेवणे यांसाठी सोयीची असते. तिचा चालक भाराच्या अगदी जवळ उभा असतो, हे लक्षात घ्यावे लागते. याउलट हातसाखळीची कप्पी जमिनीवरून, भारापासून थोडे बाजूला उभे राहून चालवता येते.

## क्षमता, साखळी आणि आकडे

लहान क्षमतेच्या कप्पीत भार साखळीच्या एकाच पदरावर तोललेला असतो. क्षमता वाढवण्यासाठी खालच्या आकड्यास कप्पी जोडून साखळीचे दोन किंवा अधिक पदर केले जातात. पदर दुप्पट झाले की तीच यंत्रणा सुमारे दुप्पट भार उचलते. मात्र वेग निम्मा होतो.

भारसाखळी उष्णता-प्रक्रिया केलेल्या मिश्रपोलादाची असते. तिच्या कड्या लहान व नेमक्या मापाच्या असाव्या लागतात, कारण त्या भारचाकाच्या खाचांत अचूक बसणे आवश्यक असते. ‘श्रेणी ८०’ या प्रचलित साखळीचे तुटण्याच्या क्षणीचे प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन असते. प्रत्यक्ष कामात ते सामान्यतः याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच येऊ दिले जाते. हा राखीव भाग झीज, हादरे आणि अनपेक्षित ताण यांसाठी असतो. जास्तीचा भार उचलण्यासाठी नव्हे.

आकडे ठिसूळ नसलेल्या पोलादाचे घडवलेले असतात. अतिभार आला तर आकडा एकाएकी न तुटता आधी उघडत जावा, अशी अपेक्षा असते. म्हणून तोंड फाकलेला आकडा हा अतिभाराचा दृश्य पुरावा मानला जातो. असा आकडा तापवून किंवा ठोकून सरळ करू नये, तो बदलावा.

## वापर

यंत्रशाळांमध्ये लेथवर जड नग चढवणे, गॅरेजमध्ये वाहनाचे इंजिन बाहेर काढणे, कारखान्यात मोटार व पंप बदलणे, बांधकामात तुळया जागेवर बसवणे ही साखळी कप्पीची नेहमीची कामे आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विहिरीतील वा कूपनलिकेतील पंप आणि त्याचे नळ वर काढण्यासाठी लोखंडी तिपाई उभारून तिला चेन पुली टांगली जाते. जहाजांच्या इंजिनकक्षात, खाणींत आणि वीज उपलब्ध नसलेल्या दुर्गम ठिकाणी ती विशेष उपयोगी ठरते. ज्वालाग्राही वायू असलेल्या जागी विजेच्या ठिणगीचा धोका नसल्याने हातयंत्रास प्राधान्य मिळते. अशा ठिकाणी आकडे व साखळी यांच्या घासण्यानेही ठिणगी पडू नये म्हणून तांबेयुक्त मिश्रधातूंचे भाग वापरले जातात.

## सुरक्षित हाताळणी

भार-ब्रेक कितीही विश्वासार्ह असला तरी तो फक्त यंत्राच्या आतील घसरण रोखतो. टांगण्याची तुळई, भाराला घातलेला फास आणि चालकाचा निर्णय यांचे रक्षण तो करू शकत नाही. त्यामुळे पुढील नियम सर्वत्र सांगितले जातात.

- भाराचे वजन आधी निश्चित करावे. यंत्राबरोबरच टांगण्याचा आधार, स्लिंग आणि आकडे यांपैकी सर्वांत दुबळ्या घटकाची क्षमता हीच संपूर्ण मांडणीची क्षमता होय.
- भार यंत्राच्या बरोबर खाली असावा. तिरकी ओढ दिल्यास साखळी भारचाकावर वाकडी बसते आणि भार सुटताच झोका घेतो.
- भारसाखळी भाराभोवती गुंडाळून तिचाच फास करू नये. त्यासाठी वेगळी स्लिंग वापरावी.
- भार आकड्याच्या टोकावर नव्हे, तर तळाच्या वळणात बसवावा आणि स्प्रिंगची पट्टी बंद असल्याची खात्री करावी.
- प्रथम भार काही सेंटिमीटर उचलून थांबावे. ब्रेक धरतो का आणि भार समतोल आहे का, हे पाहूनच पुढे उचलावे.
- दोन पदरांच्या कप्पीत खालचा आकडा साखळीच्या पदरांमधून उलटा गेला तर साखळीला पीळ पडतो. असा पीळ काढल्याशिवाय भार घेऊ नये.
- टांगलेल्या भाराखाली कोणीही उभे राहू नये आणि भार टांगून ठेवून निघून जाऊ नये.
- या यंत्राने माणसांना वर चढवू किंवा खाली उतरवू नये.

लहान व मध्यम क्षमतेच्या कप्पीबाबत एक सोपी कसोटी आहे: हातसाखळी ओढण्यास एका माणसाचे बळ पुरत नसेल, तर भार अधिक आहे, तो कुठे तरी अडकला आहे किंवा यंत्रात बिघाड आहे. अशा वेळी दुसरा माणूस साखळीला लावणे म्हणजे यंत्राने दिलेली सूचना दडपणे होय. यंत्राची क्षमता एका माणसाच्या ओढीवर आधारलेली असल्याने जादा ओढ थेट साखळी, दंतचक्रे आणि आकडे यांच्यावर अतिभार टाकते.

एकच भार दोन कप्प्यांनी तिरक्या कोनांत धरल्यास प्रत्येक साखळीवरील ताण निम्मा राहत नाही. दोन्ही साखळ्या उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करीत असतील, तर १ टन भारासाठी प्रत्येकीवर सुमारे ०.७१ टन ताण येतो; कोन ६० अंशांचा झाला तर प्रत्येकीवर पूर्ण १ टन ताण येतो. जड यंत्र एका तुळईवरून दुसरीकडे सरकवताना ही गोष्ट दुर्लक्षिली गेल्यास अतिभार होतो.

## तपासणी आणि देखभाल

दैनंदिन तपासणीत आकडे, स्प्रिंगची पट्टी, साखळीच्या कड्या आणि ब्रेकची पकड पाहिली जाते. ठरावीक मुदतीच्या तपासणीत कवच उघडून घर्षण-चकत्यांची जाडी, खिटी व तिची स्प्रिंग, दातेरी चाकाचे दात आणि दंतचक्रे यांची पाहणी होते. साखळी लांबली आहे का हे एका कडीवरून कळत नाही. म्हणून ठरावीक संख्येच्या कड्यांची एकत्र लांबी मोजून ती मूळ मापाशी ताडली जाते. आकड्याचा छेद मूळ मापाच्या १० टक्क्यांहून अधिक झिजला असल्यास तो बाद करण्याचा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो.

भारसाखळीला वंगण आवश्यक असते, कारण कड्या एकमेकींवर घासून झिजतात. ब्रेकच्या घर्षण-चकत्यांवर मात्र तेल किंवा ग्रीस जाऊ देऊ नये. तुटलेली किंवा झिजलेली भारसाखळी वेल्डिंग करून, बोल्ट घालून किंवा दुसरा तुकडा जोडून वापरणे धोकादायक आहे. उष्णतेने पोलादाचे मूळ गुणधर्म नष्ट होतात आणि जोड खाचांत बसत नाही.

## मानके आणि कायदा

भारतात हाताने चालणाऱ्या साखळी कप्पीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ३८३२’ हे मानक आहे. युरोपात ‘ईएन १३१५७’ हे मानक हातयंत्रांच्या सुरक्षिततेसंबंधी आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये उचल-यंत्रांच्या व्याख्येत कप्पी-ठोकळ्यांचा स्पष्ट समावेश होता. त्यानुसार अशी यंत्रे, साखळ्या व दोर उत्तम बांधणीचे, पुरेसे मजबूत व दोषरहित असावेत, सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांत किमान एकदा त्यांची कसून तपासणी व्हावी, सुरक्षित कार्यभार यंत्रावर ठळकपणे लिहिलेला असावा आणि चाचणीचा अपवाद वगळता त्यापेक्षा अधिक भार लावू नये, अशी तरतूद करण्यात आली. कामगार सुरक्षिततेविषयीचे अनेक कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संसदेने संमत केली.

## मर्यादा

साखळी कप्पी संथ आहे; दिवसभर वारंवार उचलाउचल करावयाची असल्यास विजेवर चालणारे उचल-यंत्र अधिक सोयीचे ठरते. ती भाराला प्रामुख्याने वर-खालीच नेते. आडव्या हालचालीसाठी ट्रॉली आणि तुळई लागते. मोठ्या उंचीसाठी साखळी लांब व जड होते. तसेच तिचा भार-ब्रेक सुस्थितीत असेपर्यंतच सुरक्षित असतो, आणि तो कवचाआड असल्याने त्याची झीज बाहेरून दिसत नाही. नियमित तपासणीस कायद्याने आणि मानकांनी महत्त्व दिले आहे ते याच कारणाने.

## हेही पहा

- कप्पी
- तरफ
- यांत्रिक फायदा
- दंतचक्र
- मळसूत्र
- रहाट
- क्रेन
- जॅक